आभारांच्या रकान्यात

"तुझं लक्ष नाहीये. बाकीच्यांना काय सांगायचं ते सांग, माझ्यापुढे सर्वज्ञ म्हणवून घेऊ नकोस. तीन आठवडे झाले, माझ्या दारात एक माणूस पाठवला नाहीस."

ही सलूनवाल्याची प्रार्थना. ती तो चालता चालता करायचा. गुडघे टेकायला वेळ कुणाला होता? सलूनपासून घर सात मिनिटांवर. सात जायला, सात यायला, मधली पाच बायकोची कूस बदलायला. दर दोन तासांनी. तेवढा वेळ सलूनच्या खुर्चीत कुणीतरी गालांना साबण फासून आरशात बघत बसलेलं असायचं. साबण वाळून पापुद्रे सुटायचे. नवं गिऱ्हाईक असेल तर परत यायचं नाही. जुनं असेल तर म्हणायचं, "जा बाबा, जा. माझी दाढी कुठे पळून जात नाही."

बायको शाळेत गणित शिकवायची. दीड वर्षापूर्वी खिडकीच्या काचा पुसताना स्टुलावरून पडली आणि पाठीचा कणा दुखावला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बघू. बघता बघता कंबरेखालचं शरीर तिचं राहिलं नाही. पाठ मात्र दुखायची. अशी दुखायची, की एरवी शेजारणीला चढ्या आवाजात पाढे म्हणून दाखवणारी ही बाई उशीचा कोपरा दातांत धरून पडून राहायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दर गुरुवारी नर्सबाई यायची. ती गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. चादर वर करून माकडहाडाजवळ बोट दाबायची आणि म्हणायची, "कातडी शाबूत आहे तोवर घर. कातडी फाटली की दवाखाना. आणि अशी जखम घेऊन आत गेलेले फार थोडे परत आलेले मी पाहिलेत. दोन तास म्हणजे दोन तास. अडीच नाही."

इतके दिवस निभावलं, कारण चर्चच्या महिला मंडळातल्या बाया आळीपाळीने यायच्या. सकाळी दहा ते चार. एक गेली की दुसरी. कूस बदलायच्या, टाचांखाली उशी सरकवायच्या, गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेलं ब्लँकेट ठेवायच्या. जाताना गाणं म्हणायच्या. एकीचा आवाज तर असा होता, की बायको म्हणायची, "ही गायला लागली की माझे पाय पण हलतील, पळून जायला." पण यायच्या. हे महत्त्वाचं.

मग एका सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी सलूनवाल्याने सलून दोन वाजता बंद केलं.

"विचारून येऊ का?" तो म्हणाला.

"नको," बायको म्हणाली. "त्यांना घरं आहेत."

"आपल्याला नाही का?"

यावर तिने डोळे मिटून घेतले. संभाषण संपवण्याची तिची ही नवी रीत. उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, तर माणूस करणार काय.

तो स्वतः चर्चला जाऊन विचारू शकला असता. पण रविवारी सकाळी तिच्यापाशी तोच असायचा, वर्षभर त्याने उपासनेचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला राग आला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मंडळातली एक बाई रस्त्यात भेटली, तर तिने त्याचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं, "प्रभूची स्तुती असो," म्हणाली आणि भाजीची पिशवी सावरत निघून गेली. सलूनवाला तिच्या पाठीकडे बघत राहिला. माणसाने किती निर्लज्ज असावं, याला काही धरबंद?

तिसऱ्या आठवड्यात माकडहाडाजवळ लाल चट्टा उठला. रुपयाएवढा. नर्सबाईने बोटाने दाबला, बोट काढलं, लाली जागच्या जागीच. "आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस नीट सांभाळा, उतरेल. नाही सांभाळलं तर गाडी बोलवायची तयारी ठेवा."

दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब केस कापायला आले.

बाकावर टक्कलशेठ पेपर वाचत बसला होता. डोक्यावर एक केस नाही, दिवसाआड दाढीला यायचा. त्याचं आणि देवाचं जमत नव्हतं. देवाने आधी माझे केस परत करावेत, मग बोलणी करू, असं त्याचं म्हणणं.

पाळकसाहेबांच्या गळ्याभोवती कापड बांधून सलूनवाल्याने मानेवरून वस्तरा फिरवायला घेतला.

"घरी सगळं छान ना आता?" पाळकसाहेब आरशातून हसले.

"आता म्हणजे?"

"अहो, ते दुखणं गेल्यापासून. काय सांगू तुम्हाला, मी बोर्डावरचं वाचून दाखवलं तेव्हा सगळी मंडळी उभी राहिली. दीड वर्षाची प्रार्थना. एकाने तर त्या दिवसापासून दारू सोडली."

वस्तरा थांबला.

"कुठला बोर्ड?"

"आपलाच. दारातला."

तो बोर्ड सलूनवाल्याला चांगला माहीत होता. तो लावताना भिंतीला खिळे त्यानेच ठोकले होते. डावीकडे विनंत्या, उजवीकडे आभार. डावीकडे ज्याचं नाव, त्याच्या घरी मंडळाच्या पाळ्या लागायच्या. देवाने ऐकलं की नाव उजवीकडे जायचं, पाळ्या दुसऱ्या घरी. साधी, सोपी पद्धत. कुणाच्या मर्जीवर काही नाही.

"उजवीकडे काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"पाठीचं दुखणं पूर्ण गेलं. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी स्वतः तुमच्या मिसेसच्या तोंडून ऐकलं."

सलूनवाल्याने वस्तरा बशीत ठेवला. हातात ठेवणं बरं दिसलं नसतं.

"साहेब, दुखणं गेलं कारण तिला आता तिथं काही कळतच नाही. आधी पाय गेले, आता पाठही बधिर झाली. चटका बसला तरी कळणार नाही. जखम होतेय, तीही तिला कळत नाही. हे आभाराचं आहे?"

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"अरेरे," ते म्हणाले. "अरेरे. पण मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाशी? यायचं कोण होतं?"

बाकावर टक्कलशेठने पेपर खाली केला.

"बरं, झालं ते झालं," सलूनवाला म्हणाला. "नाव डावीकडे घ्या. सोमवारपासून बाया पाठवा."

पाळकसाहेबांनी गळ्याभोवतीचं कापड जरा सैल केलं. "घेऊ ना. पण थोडं सांभाळून. मंडळीने उभं राहून आभार मानलेत. आता देवाने ऐकलंच नव्हतं असं म्हणायचं, तर लोकांच्या विश्वासाला धक्का बसतो. तो दारू सोडलेला माणूस आहे, त्याचा विचार करा. शिवाय पाळ्या तीन महिन्यांच्या ठरतात, आणि आता त्या संधिवातवाल्या आजींकडे दिल्यात. तुम्ही असं करा, परवा रविवारी या. साक्ष द्या. संकटात तुम्ही दोघं कसे टिकून राहिलात, त्याची. लोकांची मनं हलतील. मग विषय आपोआप पुढे येईल."

"मनं नकोत," सलूनवाला म्हणाला. "पाठ हलवायला हात पाहिजेत."

"ते येतीलच हो. देवाची वेळ असते."

"देवाची असेल. चट्ट्याची आठ दिवस आहे."

पाळकसाहेब गेल्यावर टक्कलशेठ खुर्चीत येऊन बसला. "तुझ्या साहेबाच्या मानेला एवढासाही ओरखडा नाही," तो म्हणाला. "तुझ्या श्रद्धेला मानलं बुवा."

सलूनवाला घरी आला तो दार आपटून. बायको डाव्या कुशीवर होती. त्याने तिला उजवीवर घेतलं, हात सवयीने हळू आणि तोंड मात्र सुरू.

"सेक्रेटरीबाईला तू सांगितलंस की दुखत नाही?"

"सांगितलं."

"ते बरं झालं म्हणून नाही, हे सांगितलंस?"

तिने मान भिंतीकडे वळवली.

"तिने आभारात नाव टाकलं. सगळं चर्च टाळ्या वाजवतंय. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

सलूनवाला पलंगाच्या कडेला बसला.

"ती रडायला लागली हो," बायको म्हणाली. "आनंदाने. तिची मुलगी दहा वर्षं बोलत नाही तिच्याशी. म्हणाली, देवाने तुमचं ऐकलं, आता माझं ऐकेल. माझा हात धरून नाचायचीच बाकी होती. मी म्हणणार होते की अहो बाई, तसं नाही. तोंड उघडलं पण मला बोलवेना."

"आणि माझं काय? मी रोज चार वेळा रस्त्याने धावतोय, गिऱ्हाइकं वाळतायत, तुझ्या पाठीला चट्टा उठलाय. हे सगळं तिच्या मुलीपायी?"

"मला वाटलं, मी सोसेन."

"तुला काही कळतच नाहीये, तू काय सोसतेयस? सोसतोय मी."

हे बोलून त्याला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. खरं होतं. तीही गणिताची बाई. उत्तर बरोबर असलं की वाद घालायची नाही.

ती म्हणाली, "लहानपणापासून हेच शिकवलं. कुरकुर करायची नाही. क्रूस उचलायचा. मी उचलला."

"प्रभूचा क्रूससुद्धा वाटेत दुसऱ्या माणसाने धरला होता."

"त्या माणसाला जबरदस्तीने धरायला लावला होता."

"मग मीही जबरदस्तीच करणार," सलूनवाला म्हणाला. "रविवारी जातो. साक्ष पाहिजे ना त्यांना, देतो."

"सेक्रेटरीबाईचं नाव घेऊ नका."

"तिचंच पहिलं घेणार."

"अहो. घेऊ नका."

त्याने तिच्या टाचांखालची उशी नीट केली. मनात देवाला म्हणाला, हे बघ. ही अशी. हिच्यासारखी माणसं तुझ्याकडे आणखी किती आहेत, आणि असली तर तू त्यांना असं का वागवतोस?

रविवारी टक्कलशेठ घरी येऊन बसला. शनिवारी त्याने दोनदा कूस बदलून दाखवली होती, आणि बायकोने त्याला दहापैकी सहा गुण दिले होते. "कोपराने ढकलू नका, तळहाताने," असं वर बजावलं होतं. "चर्चला चाललायस म्हणून मी आलो, हे कुणाला सांगू नकोस," तो दारात म्हणाला. "इज्जत जाईल माझी."

सलूनवाला चर्चच्या दारात थांबला. बोर्डावर उजवीकडे बायकोची ओळ सुबक अक्षरात होती, भोवती फुलांची नक्षी. त्याने ती बाहीने पुसली. डावीकडे खडूने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. पाठीला जखम होते आहे. दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस हवा.

उपासनेत पाळकसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं. "आपले बंधू दीड वर्षाच्या अग्निपरीक्षेतून..." असं काहीतरी सुरू केलं. सलूनवाल्याने ते संपू दिलं नाही.

"मी टिकून वगैरे राहिलेलो नाही," तो म्हणाला. "रोज देवाशी भांडतो. आज सकाळी पण भांडलो. तो उत्तर देत नाही, पण मी त्याला सोडलेलं नाही आणि त्यानेही मला अजून हाकललेलं नाही. एवढीच माझी साक्ष. आता दुसरं. माझ्या बायकोचं दुखणं गेलेलं नाही. तिची पाठ बधिर झालीय. चूक कुणाची ते मला सांगायचं नाही." इथं तो एक क्षण अडखळला. सेक्रेटरीबाई दुसऱ्या रांगेत होती, तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. "चूक आमची. आम्हाला बरे आहोत म्हणायची सवय लागलीय. ती तुम्हीच लावलीत, पण ते असू दे. पाठीवर चट्टा आहे. आठातले तीन दिवस गेले. कातडी फाटली तर ती घरी राहणार नाही."

मग कुणीतरी डोळे मिटले. दुसऱ्याने मिटले. पाळकसाहेबांनी हात वर केला, "आपण या बहिणीसाठी प्रार्थना करू," म्हणाले, आणि त्यांनी खरंच मनापासून केली. आवाज कापत होता. बाया हुंदके देत होत्या. शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं, गाण्याची पुस्तकं उघडली गेली, पेटीवाल्याने सूर धरला.

सलूनवाला जागचा हलला नाही. त्याने पेटीवाल्याकडे बघून हात आडवा केला. सूर थांबला.

"आमेन ऐकलं," तो म्हणाला. "आता नाव सांगा. उद्या सकाळी दहा वाजता कोण येतंय?"