टेबलावरची मेंढरं

गिताबाईला टेबल ही वस्तूच मुळात पटलेली नव्हती. माणसानं भुईवर मांडी घालावी, ताट पुढ्यात ओढावं आणि जेवावं. ते सोडून चार पायांवर फळी उभी करायची, माणसांना खुर्चीत पाय लोंबकळत बसवायचं, आणि हे कमी पडलं म्हणून की काय, आता त्या फळीच्या मधोमध शोभेची वस्तू मांडायची म्हणे!

"आन् ती खायची नसती?" तिनं सुनेला विचारलं.

"न्हाई आत्या. नुसती बघायची."

"जेवताना?"

"व्हय."

"मंग त्यांच्या कालवणात मीठ कमी असंल," गिताबाई म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला लागली.

सून सोनम हसली. ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. गिताबाईचा मुलगा संपत रांजणगावच्या एका कंपनीत असेंब्लीला होता, नुकताच परमनंट झालेला. कारेगावात त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि मागं दीड एकर जिराईत. कंपनी परदेशातली, म्हणून दरवर्षी नाताळच्या सुट्टीआधी कॅन्टीनमध्ये घरच्या माणसांसकट जेवण असायचं. यंदा पर्सोनेलच्या नीलम मॅडमनी नवीन टूम काढली होती. प्रत्येक खात्यानं आपापलं टेबल सजवायचं, पण विकतचं काही आणायचं नाही. घरात असेल त्यातूनच आणि घरच्या माणसांच्या हातांनी. असेंब्लीवाल्यांनी एकमुखानं संपतचं नाव घेतलं, कारण खंडेनवमीला मशीनपुढं सोनमनं काढलेली रांगोळी कुणी विसरलं नव्हतं.

सोनमला नाताळ नवा नव्हता. ती दहावीपर्यंत दौंडला मावशीकडं राहून मिशनच्या शाळेत शिकलेली, दर डिसेंबरात नाटकात काम केलेली. भाकऱ्या होईपर्यंत तिनं सासूला सगळी गोष्ट सांगितली. गोठ्यात जन्मलेलं बाळ, आकाशातला तारा, रानात मेंढरं राखत बसलेले मेंढपाळ आणि त्यांच्यापुढं उभा राहिलेला देवदूत.

गिताबाईचा हात थांबला. "कुणाला सांगितलं म्हनलीस?"

"मेंढपाळांना. सगळ्यात आधी त्यांनाच."

"पाटलाला न्हाई?"

"न्हाई."

"वाण्याला, सावकाराला?"

"राजाला सुदिक न्हाई, आत्या."

तव्यावरची भाकरी करपली आणि गिताबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिची पाठ ताठ झाली होती. उभा जन्म तिनं लोकांच्या रानात मेंढरं बसवली, लोकांच्या विहिरीवर पाणी मागितलं, 'ए धनगरीण' अशा हाका ऐकल्या. आणि तिकडं सातासमुद्रापलीकडच्या एका देवानं आपल्या लेकराची पहिली बातमी तिच्या माणसांना धाडली होती. तिला फार म्हणजे फार बरं वाटलं.

"मेंढरं मी करते," ती म्हणाली. "तू तारा कर."

पण घरात मेंढरांचं नाव काढणं सोपं नव्हतं. संपत शिरूरच्या शाळेत जायचा तेव्हा तो वर्गात शिरला की पोरं मेंढरासारखी ओरडायची. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. कळप विकून आठ-नऊ वर्षं झाली, तरी कंपनीत कुणी विचारलं की तो सांगायचा, आमची बागायत, ऊस असतो. दीड एकर जोंधळ्याचा ऊस एका रात्रीत झाला होता! आईला त्यानं बजावून ठेवलं होतं, माझ्या कंपनीतल्या माणसांपुढं मेंढरांचा विषय नको. गिताबाईनं शब्द दिला होता. लेकाच्या सुखासाठी तिनं याहून अवघड गोष्टी केल्या होत्या. पण राग यायचाच. ज्या दुधावर आणि लोकरीवर हा एवढा थोरला झाला, त्यांची लाज?

संध्याकाळी संपतला कळलं तेव्हा तो म्हणाला, "गोष्टीतच हायत म्हनताय तर करा. पर आपली म्हणून कुणाला सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत," गिताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. माळ्यावरून काळ्या लोकरीचं जुनं गाठोडं उतरलं. जोंधळ्याच्या धाटाचा पांढरा गाभा बोटभर कापायचा, त्यावर लोकर गुंडाळायची. पायांना बाभळीचे काटे, विस्तवावर धरून काळे केलेले. तोंडाला चिंचोका. आणि चिकटवायला चिंचोक्याचीच खळ, घोंगडीला लावतात ती. आठ आण्यांचासुद्धा खर्च झाला नाही. पहिलं मेंढरू उभं राहिलं तेव्हा तिचा नवरा तात्याबा गुडघा धरून सरकत जवळ आला, त्यानं ते तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "ही तर आपली लंगडी."

"मंग? उगं कुठलं तरी करू का?"

एकही मेंढरू दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाचा कान फाटका, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका, एक दांडगा नर मान खाली घालून. तात्याबानं लाकूड तासून घोडं केलं, त्याच्या पाठीवर बिऱ्हाड बांधलं, वर कोंबड्यांची डालगी चढवली. खाली जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरला. सुतळीची वाघर विणली, म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, आणि ती भोवतीनं उभी केली. सोनमनं काडक्यांचा गोठा करून त्यात चिंधीचं बाळ निजवलं आणि चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाचा तारा कापून धाटाच्या काडीला लावला. काडी मात्र तिनं बुटकी ठेवली. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत, हे तिनं सासूला दोनदा सांगितलं. लोकर जवळ असल्यानं मेणबत्तीचा बेत रद्द झाला आणि तीन दगडांच्या चुलीत एक पणती बसली, लोकरीपासून लांब.

संपतनं शिफ्टवरून येऊन पाहिलं. "आई, चित्रात मेंढरं पांढरी असत्यात गं."

"चित्र काढनाऱ्यानं राखली व्हती का?"

जेवताना त्याची नजर पुन्हापुन्हा त्या काळ्या कळपाकडं जात होती.

माणसांची पाळी आली. पाच मेंढपाळ तयार झाले, लाल पटक्याचे, खांद्यावर घोंगडीची चिंधी, हातात काडीची काठी. सोनमनं त्यांना ओळीनं बाळाच्या गोठ्याकडं तोंड करून उभं केलं. गिताबाई बराच वेळ बघत राहिली.

"सोनम, ही समदीच्या समदी गेली?"

"व्हय आत्या. धावत गेली."

"आन् मेंढरांपाशी कोण ऱ्हायलं?"

सोनमनं एका मेंढपाळाची काठी सरळ केली. "शाळेत कुणी सांगितलं न्हाई."

"लांडगा काय त्या राती सुट्टीवर हुता? कुणीतरी ऱ्हायलं असंल बाई. समदा गाव जत्रंला गेला तरी कळपापाशी एक माणूस लागतंच."

कोण राहतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पुरुष बाजाराला गेले, लग्नाला गेले, खंडोबाला गेले, की वाघरीपाशी गिताबाई. संपत चौथीत पहिला आला, गुरुजींनी आईबापांना शाळेत बोलावलं, तेव्हाही तात्याबा गेला आणि ती कोरेगाव भीमाच्या शिवारात कळपापाशी राहिली. संपत त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता. मागं राहणं हेही कामच आहे, आणि ते आपण नीट केलं, एक कोकरू कधी लांडग्याला दिलं नाही, याचा तिला अभिमान होता. फक्त तो कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि एक बाई केली. ती वाघरीच्या तोंडाशी बसवली, गोठ्याकडं पाठ आणि मेंढरांकडं तोंड.

जेवणाच्या दिवशी सकाळीच खटका उडाला. तात्याबानं ठेवणीतला लाल पटका काढला आणि संपत म्हणाला, "आबा, टोपी घाला की. पटका नको."

तात्याबानं पटक्याची घडी घातली. "मंग मी येतच न्हाई."

"आबा, तसं न्हवं—"

"जावा तुम्ही. आजवर ही मागं ऱ्हायली, आज मी ऱ्हातो." तो गिताबाईकडं वळला. "तू जा. समदं नीट बघून ये."

कंपनीच्या बसमध्ये गिताबाई मांडीवर परात घेऊन बसली होती आणि परातीत कळप. रस्त्याला गचका बसला की तिचा हात आपसूक वाघरीवर जायचा. संपत शेजारी असूनही तिनं त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

कॅन्टीन नुसतं झगमगत होतं. क्वालिटीवाल्यांनी बाभळीच्या फांदीला कापूस लावून बर्फाचं झाड केलं होतं. स्टोअर्सच्या टेबलावर जुन्या काचेच्या बांगड्या एकावर एक चिकटवून त्यात मेणबत्ती ठेवली होती, ती फारच सुरेख दिसत होती. डिस्पॅचवाल्यांनी नारळाला दाढी लावून सांताक्लॉज केला होता आणि तो हुबेहूब त्यांच्या सुपरवायझरसारखा झाला होता, यावर सगळे खूश होते. असेंब्लीच्या टेबलापाशी मात्र माणसं हळूहळू गोळा व्हायला लागली आणि हलेचनात. पोरं लंगड्या मेंढराला नवं नाव देत होती. गिताबाई पदर सावरून उभी होती. वरून मुकाट, पण आतून अभिमानानं फुगली होती.

नीलम मॅडम माइक घेऊन एकेका टेबलापाशी येत होत्या. "हे कुणी केलं?"

"माझ्या सासूबाईंनी," सोनम म्हणाली.

"काकू, किती जिवंत केलीत हो! चित्र बघून तर नसतील केली? एवढी बारकाईनं मेंढरं कुठं पाहिलीत तुम्ही?"

माइक गिताबाईच्या तोंडापुढं आला. सगळं कॅन्टीन तिच्याकडं बघत होतं. तिनं संपतकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. तिनं शब्द दिलेला होता.

"जाता-येता," ती म्हणाली. "रस्त्यानं जाताना दिसत्यात की. तशीच बघितली."

तिचा आवाज कापला नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा आपण कळप सोडून पळालो, असं तिला वाटलं.

"आणि ही बाई?" मॅडम वाकून बघत होत्या. "सगळे बाळाकडं निघालेत, ही इकडं तोंड करून का बसलीय? गोष्टीत तर अशी कुणी नाही."

"ती मागं ऱ्हायलेली हाय," गिताबाई म्हणाली. "कुनीतरी ऱ्हावं लागतं, बाई. न्हाईतर बाकीच्यांस्नी जाता येत न्हाई."

मॅडम पुढच्या टेबलाकडं वळणार, तेवढ्यात संपतनं हात पुढं केला आणि माइक घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

"मॅडम, आई खोटं बोलली. मी सांगितलं होतं म्हणून बोलली." कंपनीत तो नेहमी शहरी बोलायचा, पुढच्याच वाक्याला ते बोलणं सुटलं. "मेंढरं तिनं रस्त्यानं जाताना बघितलेली न्हाईत. रस्त्यानं नेलेली हायत. हितनं पार कोकणापातूर, दर साली, पायी. आम्ही धनगर. माझी बागायत न्हाई, ऊस न्हाई. मी वाघरीत वाढलोय. चौथीत माझा पहिला नंबर आला तवा ही शाळेत आली न्हाई, म्हणून मी राग धरला. कळपापाशी कोण थांबलं असंल, ह्ये माझ्या डोक्यातच आलं न्हाई." त्यानं हिरव्या लुगड्याच्या बाईकडं बोट केलं. "ही माझी आई हाय."

सोनमनं डोळे पुसले. गिताबाई मान खाली घालून उभी होती. पदर तोंडाशी गेला होता, आणि जवळ असलेल्यांना वाटलं, म्हातारी आता काही बोलायची नाही.

डिस्पॅचच्या टेबलावरून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "संपतराव, किती व्हती मेंढरं?"

"दीडशे!" संपत तितक्याच मोठ्यानं म्हणाला.

गिताबाईनं पदर खाली सोडला. लेकाच्या हातातून माइक ओढून घेतला.

"दीडशे मोठी," ती सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशी म्हणाली. "कोकरं धरून दोनशेच्या वर. कोकरं कशापायी सोडतूस?"