मोहल्ल्याची कढई

माझी बायको ओयदिनोय गेली त्याला नऊ ऑक्टोबरला वर्ष झालं. तिच्या नावाने वर्षाचा ओश घालायचा होता. तिचं माझ्याकडे एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते मी बिघडवलं.

आमच्या मार्गिलानमध्ये माणूस जाऊन वर्ष भरलं की मोहल्ल्याला ओश, म्हणजे पुलाव, घालतात. तांदूळ, गाजर, मटण, आणि शेवटी फातिहाची प्रार्थना. ते मटण घरच्या पैशाचं लागतं आणि खाणाऱ्याकडून काही घ्यायचं नसतं. विकलेलं अन्न गेलेल्याच्या नावाने चालत नाही.

धंदा तिचा होता. रेशमाचा कारखाना बघायला आलेली एक परदेशी बाई एकदा आमच्या दारात थांबली आणि मान्ती, ते मटणाचे वाफवलेले मोदक, कशी करतात म्हणून विचारू लागली. ओयदिनोयने तिला हाताला धरून आत नेलं. मग तिच्या ओळखीने दुसरे आले, तिसरे आले. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली लांब टेबल लागलं, बारा सुऱ्या आल्या. मान्ती आणि तंदुरातला सामसा ती शिकवायची. ओश पुरुषांचं काम, तो मी शिकवायचो. बारापेक्षा जास्त माणूस ती घेत नसे. एजंट गयावया करायचे.

"तेराव्याच्या मागे मी उभी राहू शकत नाही," ती म्हणायची. "आणि मी मागे नसले की माणूस बोट कापून घेतो."

ती गेल्यावर इल्होम, माझा मुलगा, ताश्कंदची नोकरी सोडून घरी आला. त्याने ताश्कंदच्या व्हेनेराबरोबर करार केला. व्हेनेरा दर गुरुवारी पर्यटकांचा गट आणायची. बाराचे वीस झाले, विसाचे तीस. घडीची टेबलं आली, नाव छापलेले अ‍ॅप्रन आले. दुसरा संडास बांधायला जागा हवी होती म्हणून बिहीचं झाड तोडलं. ते ओयदिनोयने लावलं होतं. मग एक दिवस बाजारातून गाजर कापूनच आलं, मशीनवर, पोत्यात.

"गाजर कापायला शिकायलाच तर लोक येतात," मी म्हणालो.

"दादा, तीस जणांनी हाताने गाजर कापलं तर जेवण उद्या होईल. प्रत्येकाला एकेक देऊ. फोटोपुरतं."

"आणि ओशही फोटोपुरता करू?"

"तुम्ही आईसारखं बोलायला लागलात," तो म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं. पोरगा वाईट नाही. दिवसभर राबतो.

सप्टेंबरात व्हेनेराचा फोन आला. कुठल्याशा कंपनीची चव्वेचाळीस माणसं, एवढा मोठा गट आमच्याकडे कधी आला नव्हता. पण तारीख एकच, नऊ ऑक्टोबर.

इल्होम दोन दिवस माझ्याभोवती घुटमळला. मग म्हणाला, "इमामसाहेबांना विचारलं मी. वर्षाचा ओश दहा दिवस पुढे गेला तरी चालतो म्हणाले."

मी बरं म्हणालो. लाजून लिहितो, पण त्या दिवशी घर भरलेलं असेल याचं मला बरंच वाटलं. अंगणात माणसं असली की आतल्या खोल्यांकडे लक्ष जात नाही.

मोहल्ल्यात मी कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकासाठी बायकोचा ओश पुढे ढकलला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? एकोणीसला बोलावणं करू, तेव्हा येतील, असं धरून चाललो.

आमच्या कढया वीस माणसांच्या. व्हेनेराला एकच मोठी हवी होती, सगळ्यांना भोवती उभं करायला. तेवढी कढई एकच, मोहल्ल्याची. ती चायखान्यात असते आणि तुर्सुनअली तिची राखण करतो. आम्ही दोघं शाळेपासूनचे. मी हातगाडी पाठवली. त्याने काही न विचारता कढई दिली, वर दोन माणसं दिली उचलायला.

विचारणार कशाला? ती कढई लग्नाला निघते नाहीतर मयताच्या ओशाला. आणि तारीख सगळ्यांना पाठ होती. हे मला कळायला हवं होतं. पण इतकी वर्षं धंद्यात गेली की मला ती नुसती कढई दिसली.

नऊ तारखेला दुपारच्या नमाजानंतर मी झाकण काढणार, तोच फाटक उघडलं. पुढे तुर्सुनअली, त्याच्यामागे इमाम, त्यांच्यामागे तीस-बत्तीस माणसं. सगळ्यांचे हात छातीवर, डोक्यावर टोप्या. तुर्सुनअलीने मला मिठी मारली.

"अल्लाह तिला जन्नतमध्ये जागा देवो," तो म्हणाला. अ‍ॅप्रन घातलेल्या परदेशी माणसांकडे त्याने पाहिलं. "पाहुणे लांबून आलेत. ओयदिनोयचे शागीर्द का रे?"

"हो," मी म्हणालो. त्यांतल्या एकानेही तिला पाहिलं नव्हतं.

इल्होम माझ्या कानाशी आला. "दादा, सांगा त्यांना. एकोणीसला या म्हणावं."

"तू सांग."

"मी कसा सांगू?"

"मग मी कसा सांगू?"

तोवर म्हातारे बसलेही होते. इमामने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला तारीख ढकललेली ठाऊक होती. मला वाटतं, माझं मन बदललं असं त्याने धरलं. आम्ही पन्नासांचा ओश ऐंशी जणांत वाटला. इमामने फातिहा वाचला. म्हाताऱ्यांनी हात उचलले, ते पाहून परदेशी लोकांनीही उचलले. दोन बायका रडल्या. आधी पांढरीफटक पडलेली व्हेनेरा निघताना माझे हात हातात घेऊन म्हणाली, "सोतवोल्दी अका, असं मी कधी पाहिलं नाही. हे कार्यक्रमात घेता येईल का? हे आजोबा दर गुरुवारी येतील?"

"ते मयताला आले होते," मी म्हणालो.

"हो, तेच म्हणते मी."

पंधराला मी चायखान्यात गेलो. तुर्सुनअली एकटाच चहा पीत होता.

"एकोणीसला ये," मी म्हणालो.

"कशाला?"

"ओयदिनोयचा वर्षाचा ओश."

"झाला की. वाढलास जरा हात आखडून, पण झाला." त्याने मला चहा ओतला. "दोनदा घालतोस? आपल्या वेळी एवढं प्रेम करत नव्हते बायकोवर."

मी गप्प राहू शकलो असतो. त्याच्या दृष्टीने तिला पोचलं होतं. चहा पिऊन मी घरी आलो असतो तर कोणाचं काही बिघडलं नसतं, तिच्याखेरीज. मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने पेला खाली ठेवला.

"म्हणजे ते मटण त्या लोकांचं?"

"त्यांनी पैसे दिले होते."

"आणि मी त्यावर हात उचलले."

"हो."

"मोहल्ल्याची कढई नेऊन."

"हो."

"आम्हाला बघायचेही पैसे लावलेस, का ते फुकट?"

"तुर्सुनअली, चुकलं माझं."

"मी माफ केलं. माझं काय, मी तुला ओळखतो." त्याने पेला बाजूला सारला. "पण त्या तीस जणांना मीच बोलावून आणलं होतं. त्यांना काय सांगू? तमाशात बसून आलात म्हणून?"

"मी स्वतः घरोघर जातो."

"जा."

"कढई मिळेल?"

"लग्नाला दिली."

कढई त्याच्या मागेच भिंतीला पालथी होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मी घरोघर गेलो. सगळ्यांनी दारात उभं राहून ऐकलं, छातीवर हात ठेवला आणि "इन्शाअल्लाह" म्हणाले.

एकोणीसचं मेंढरू माझ्या पेन्शनचं होतं. इल्होमचा पैसा मी घेतला नाही. गाजर मी हाताने कापलं, सगळं. घरातल्या तीन कढयांत साठ माणसांचा ओश झाला. नमाज सुटला. गल्लीतून पावलं वाजत गेली, दोनदा तर अगदी फाटकापाशी हळू झाली. आत आले ते फक्त इमाम, आणि रिश्तानहून ओयदिनोयचा भाऊ व त्याचे दोन मुलगे. पाऊण तास आम्ही सहा जण साठ माणसांच्या चादरीवर बसून होतो.

इल्होम उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने फाटकाशी मिनीबस थांबली. व्हेनेराबरोबर अकरा जण उतरले. रेशीम बघायला निघालेला तो गट होता.

"पैसे घेतले नाहीत," इल्होम घाईने म्हणाला. "शपथ, दादा. आईच्या ओशाला जागा रिकाम्या दिसायला नकोत."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो."

"मग काय करू मी?" त्याने रिकाम्या चादरीकडे हात केला. "कोणीच येत नाहीये, दादा."

आलेल्या माणसाला आमच्याकडे परत पाठवत नाहीत. मी त्यांना बसवलं, वाढलं. ते नीट जेवले, सांडलं नाही. एका पोराने पुन्हा मागितलं, ते मला आवडलं.

इमामने रांगेवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. "वाचू?"

"वाचा."

त्याने वाचलं. अकराही जणांनी हात उचलले. कोणाच्या नावाने, ते घरच्याने सांगायचं असतं. मी सांगितलं, "ओयदिनोय, कोमिलजानची मुलगी."

व्हेनेरा वाकून माझ्या कानाशी आली. "अका, नाव पुन्हा एकदा घ्याल का? मागच्या बाईंचा कॅमेरा सुरू नव्हता."

ओयदिनोयच्या भावाने हात खाली घेतले. इमाम चादरीकडे बघत बसला. माझी इतकी वर्षं पाहुण्यांच्या मागण्या पुरवण्यात गेली आहेत. मी नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने.