डावीकडची फट

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीच्या सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी विलार्ड टिब्जने टायची गाठ तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. कोटाच्या आतल्या खिशात घडी केलेला कागद होता. तो आहे ना, हे त्याने गाठ घालता घालता दोनदा चाचपून पाहिलं.

"नवरदेवा, आवर की," दारातून त्याची बायको अर्लीन म्हणाली. "मैदानाला नाव कॉर्डेलचं देतायत, तुझं नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलताना तोंड वाकडं करू नकोस. छत्तीस वर्षं तुझ्या पोटात दुखतंय. आज एक संध्याकाळ कळ काढ."

विलार्डने गाठ इतकी ओढली की त्याला ठसका लागला.

कॉर्डेल मेबरी. गावात या माणसाला आडनावाची गरज पडत नसे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तीन वर्षं, मग कॉलेज, मग अकरा वर्षं व्यावसायिक संघात तो चेंडू पोटाशी धरून धावला. दूरच्या शहरात त्याचा पुतळा उभा राहिला. त्याचा अठ्ठावीस आकडा आपल्या पाठीवर मिळावा म्हणून पोरं अजून भांडत. विलार्ड कागदाच्या गिरणीत लागला. त्याच्या लग्नाच्या जेवणात पाहुणे ताटं घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसले, कारण कॉर्डेलचा सामना होता. थोरली जन्मली तेव्हा नर्सने बाळ हातात देता देता विचारलं होतं, "तुम्ही मेबरीच्या पुढे धावायचात ना? कसा होता हो तो?"

पुढे धावायचा, हे खरं. विलार्डचं कामच ते. चेंडू त्याला कधी मिळत नसे. त्याने पुढे घुसायचं, आडवा येईल त्याला अंगावर घेऊन पाडायचं, आणि त्या वाटेने कॉर्डेलने निघून जायचं. धावताना कॉर्डेल आपला मोकळा तळवा विलार्डच्या कमरेवर टेकवी. तळवा सुटला की विलार्डला कळे, आता आरोळ्या उठणार. त्या वेळी तो बहुधा जमिनीवर, कुणाच्या तरी गुडघ्याखाली असे.

अठ्ठावन्न सालच्या शालेय अंतिम सामन्यातली धाव तर गावाला तोंडपाठ होती. डाव उजवीकडचा ठरला होता. समोरचे सगळे उजवीकडे लोटले आणि, लोक सांगत, कॉर्डेलला डावीकडची फट दिसली. ब्याऐंशी यार्ड. वर्तमानपत्रातल्या फोटोत विलार्डचा एक बूट आला होता.

खरी गोष्ट खिशातल्या कागदावर होती. आधी वळला तो विलार्ड. डोक्याला मार बसून त्याला डावं-उजवं कळेनासं झालं होतं. कॉर्डेल नुसता त्याच्या मागे आला. सामन्यानंतर कोच गॅस्किनने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "डाव कुणी मोडला?" ठरलेला डाव मोडणाऱ्याला कोच संघातून काढी, आणि कोचच्या शब्दाशिवाय गिरणीत कुणाला घेत नसत. विलार्ड बुटाची नाडी सोडवायला खाली वाकला. तेवढ्यात कॉर्डेल म्हणाला, "मी. मला फट दिसली, मीच याला ढकलून वळवलं."

कोच हसला होता. त्या दिवसापासून ती फट कॉर्डेलची झाली. एवढं मिळत असताना माझी ती एकुलती एक फटही याने लाटली, हे विलार्डने मनात धरून ठेवलं. आता कोच मरून सात वर्षं झाली होती. आज माइक हातात येणार होता.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या बोळात कॉर्डेल भिंतीला टेकून उभा होता. अंगात चांगला सूट, नजर हरवलेली. बहीण नेट्टा त्याचं कोपर धरून होती. बाहेर बँड वाजत होता.

"सकाळपासून असंच," ती म्हणाली. "डोक्याने मार का थोडे खाल्ले! माझंही नाव विसरतो. पाऊल उचलत नाहीये बघ."

"कॉर्डेल, मी विलार्ड."

कॉर्डेलने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीकडे. विलार्डला, देव क्षमा करो, क्षणभर बरं वाटलं. तो पाठ फिरवून एकटाच मैदानाकडे निघाला.

कमरेवर तळवा टेकला.

"टिब्ज," मागून हलकेच आवाज आला, "पुन्हा डावीकडे गेलास तरी जा. मी आहे मागे. कोचला मी सांगतो काय ते."

विलार्ड थांबला. वळून बघायचं त्याला धैर्य झालं नाही. "काय सांगतोस?"

"तेच. मी वळवलं म्हणून. मला तो काढत नाही रे, वेड्या. तुला काढेल."

नेट्टाने कोपर सोडलं. दोघे चालत उजेडात आले. मंचापाशी तळवा सुटला आणि आरोळ्या उठल्या.

माइक हातात आला तेव्हा विलार्डने कागद काढला नाही.

"डाव उजवीकडचा होता," तो म्हणाला. "डावीकडे मी गेलो. चुकून. हा माझ्यामागे आला, आणि कोचपुढे चूक याने स्वतःच्या अंगावर घेतली. मला वाचवायला."

पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "टिब्ज, आता ती फटसुद्धा तुझीच का रे?"

सगळं मैदान हसलं. पहिल्या रांगेत अर्लीनने मान खाली घातली. विलार्डने पुन्हा तोंड उघडलं, पण बँड सुरू झाला होता. त्याने खुर्चीवरच्या कॉर्डेलकडे पाहिलं. कॉर्डेल हसत नव्हता. तो घाबराघुबरा होऊन विलार्डकडे बघत होता, मान हलवत होता आणि ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करत होता.

कॉर्डेल मेबरी त्याच वर्षी, एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी वारला.