साफ हनुवटी

मी एक फोटो बोलतोय. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा, कडा नागमोडी कापलेल्या. माझ्यात सतरा वर्षांची एक मुलगी खुर्चीत ताठ बसली आहे. तिचं नाव रंभा. तिला ओळखणारे लोक माझ्याकडे पाहून म्हणतात, छान आलाय. मला ते ऐकवत नाही. का, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठावन्न सालचा, भिलाईच्या कॅम्प-1 या मजुरांच्या वस्तीतला. पोलादाचा कारखाना अजून उभा होत होता. दिवसभर ट्रक धावायचे आणि लाल धूळ ताटातल्या भातावर येऊन बसायची. ओमप्रकाश नावाचे फोटोवाले तिथे पत्र्याच्या एका खोलीत दुकान चालवत. मागे काळा पडदा, पुढे एक खुर्ची, आणि भिंतभर सिनेमाच्या मासिकांची मुखपृष्ठं. दुर्ग स्टेशनावर नवं मासिक आलं की ते वरचं पान फाडून भिंतीला डकवत. त्या भिंतीवरच्या एकाही बाईला तीळ नव्हता, वण नव्हता, साधी पुटकुळीसुद्धा नव्हती. मला वाटायचं, मुंबईच्या बाया अशाच जन्माला येत असतील. पुढे कळलं की तिथेही कुणीतरी ओमप्रकाश बसलेला असतो.

त्यांचा मुख्य धंदा कारखान्याच्या पासांच्या फोटोंचा. त्या फोटोंना ते कधी हात लावत नसत, कारण पासावर ओळखीची खूण लिहिलेली असे आणि ती फोटोत दिसावी लागे. लग्न जमवायला काढलेल्या फोटोंचं उलट. तिथे खूण दिसली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. म्हणून लग्नाची निगेटिव्ह आली की ते ती काचेवर ठेवत, मागून उजेड देत आणि टोकदार पेन्सिलीने एकेक डाग भरून टाकत. कुणी सांगायची वाट ते बघत नसत. इतकी सवय झाली होती की समोरच्या माणसाचा चेहरा आठवायचीही त्यांना गरज पडत नसे.

रंभाला तिचे वडील केवलराम घेऊन आले होते. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून ते इथे बांधकामावर लागले होते. जवळच्याच कोहक्याला राहणारा हिरालाल नावाचा एक मुलगा त्यांच्या नजरेत होता. तोही कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर. त्याच्या घरच्यांनी आधी फोटो मागितला. गावाकडे मुलगी बघायला सरळ माणसं यायची, पण इथे सगळेच नवे, सगळेच कामाच्या पाळ्यांत अडकलेले. फोटो पाठवणं सोयीचं पडे.

माझ्या दोन प्रती निघाल्या. ओमप्रकाशांनी मासिकाच्या एका जुन्या पानात त्या गुंडाळून दिल्या. घरी रंभाच्या आईने, मैनाबाईने, पान उघडलं आणि ती थबकली.

"इचं गोंदण कुठं गेलं जी?"

"मले काय मालूम," केवलराम म्हणाले. "पन पाय ना कशी दिसून राहिली. सायबाच्या पोरीवानी."

माझ्यात काहीतरी कमी आहे हे मला तेव्हा कळलं. मी समोर पाहिलं. खऱ्या रंभाच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते. आठ वर्षांची असताना गावच्या यात्रेत गोंदणारणीने काढलेले. मैनाबाईच्या हनुवटीवरही तसेच होते. बाईमाणूस वर जाताना अंगावरचा दागिना इथेच राहतो आणि गोंदण तेवढं बरोबर जातं, अशी त्यांची समजूत. माझी हनुवटी मात्र घासलेल्या भांड्यासारखी साफ.

मैनाबाईने दुसरा फोटो काढायला सांगितलं. केवलराम ऐकेनात. माझी जुळी प्रत त्यांनी त्याच संध्याकाळी कोहक्याला पोचवली. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे, पुढच्या पंधरवड्यात बघायला येतो. सोबत हिरालालचाही फोटो आला. गुळगुळीत चेहऱ्याचा, ओमप्रकाशांच्याच खुर्चीत बसलेला.

त्यानंतर रोज दुपारी रंभा मला पेटीतून काढायची. एका हातात मी, दुसऱ्या हातात ते मासिकाचं पान. पानावर कुणी नटी होती, गाल टेकून बसलेली. रंभा रॉकेलच्या डब्याला आरसा टेकवून आधी तिच्याकडे पाही, मग माझ्याकडे, मग आरशात. मी आणि ती नटी एका बाजूला पडायचो, आरशातली मुलगी एकटी दुसऱ्या बाजूला. असे अकरा दिवस गेले.

"ते म्हनतीन, फोटोतली पोरगी दाखवा," ती एकदा आईला म्हणाली.

"गोंदण पाहून कोनी वापस जात नाई वो. माह्या बी हनुवटीले हाय. तुह्या बापानं नाई म्हनलं काय?"

"तुह्या टायमाले फोटो नोहोता."

मैनाबाई तांदूळ निवडू लागली. मला उत्तर देता आलं असतं, पण मला कोण विचारतो.

बाराव्या दिवशी रंभा भाजी आणायला म्हणून बाजारात गेली. तिथे तीळ, मस, गोंदण मिटवून देणारा एक दवावाला बसायचा. परत आली तेव्हा हनुवटीवर त्याचं जळजळणारं औषध आणि वर फडकं होतं. त्या दिवशी तिने मला उघडून पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून तिला बरं वाटलं. चौथ्या दिवशी तोंड सुजलं, ताप भरला. दवाखान्यात कंपाउंडरने फडकं सोडलं तेव्हा केवलराम बाहेर जाऊन उभे राहिले, असं मैनाबाई नंतर शेजारणीला सांगत होती. गोंदण गेलं. त्याच्याबरोबर कातडीही गेली.

तापामुळे बघणं पुढे ढकललं आणि कोहक्याचे लोक महिन्याभराने आले. पोहे करायला मैनाबाईने शेजारणीला बसवलं होतं. मला आणि हिरालालच्या फोटोला फळीवर ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. हिरालाल दारातून वाकून आत आला. त्याच्या तोंडभर देवीचे वण होते, कपाळापासून मानेपर्यंत. माझ्या शेजारच्या फोटोत त्यातला एकही नव्हता. म्हणजे आम्हा दोन फोटोंचं जमलं होतं, आणि माणसं आत्ता कुठे एकमेकांना भेटत होती. हिरालालला त्याच्या वणांबद्दल कुणी काही विचारलं नाही. तोही निवांत पोहे खात होता.

त्याची आई ठकूबाई. कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. तिने रंभाला जवळ बसवलं.

"हे काय झालं वो पोरी?"

रंभा मान खाली घालून बसली. मैनाबाईने मग खरं तेच सांगितलं, फोटोपासून फडक्यापर्यंत.

"माय वो," ठकूबाई म्हणाली. "आमी कोनत्या राजाघरचे हावो? मले इचारलं असतं तं मीच म्हनली असती, राहू दे."

लग्न तिथल्या तिथे ठरलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र राग आला, हे सांगून टाकतो. लग्न मोडलं असतं तर त्या जळण्याला निदान काही कारण तरी मिळालं असतं.

रंभाबरोबर मी कोहक्याला गेलो. हिरालाल भला माणूस निघाला. पण जखम भरताना कातडी आखडली आणि खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला. तेव्हापासून हसू आलं की रंभा तोंडावर पदर धरते. घरातसुद्धा. मी पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली पडून राहिलो. मासिकाचं ते पान तिने चुलीत घातलं. मला का ठेवलं, माहीत नाही. मैनाबाई पासष्ट साली वारली.

यंदा, म्हणजे दहा वर्षांनी, मला पुन्हा उजेड दिसला. रंभाची धाकटी बहीण बेबी आली होती. फोटो काढला तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता सोळाची आहे. तिचं नाक वडिलांवर गेलं आहे, रुंद. तिच्या हातात मासिकातलं कात्रण होतं. मुंबईच्या कुठल्याशा इस्पितळाची जाहिरात, नाकाला हवा तसा आकार देतात म्हणे.

"ताई, हे ऑपरेशन होय. बजारातली दवाई नाई. डॉक्टर लोग करते हैं," बेबी म्हणाली. "तू बाबाले सांग ना."

रंभाने पेटी उघडली, शालू बाजूला केला आणि मला तिच्या हातात दिलं. त्या औषधाने आपण काय घालवलं ते बेबीला दाखवावं असं तिला वाटलं. बेबीने मला पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"ताई, तू तं हिरोईन दिसत होती. तेच तं म्हनून राहिली मी."

एवढं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

"हे मी नाई होय," रंभा म्हणाली.

"मग तू कशी होती?"

रंभाने हनुवटीला बोट लावलं. "तीन होते. एक इथं, एक इथं. अन् मधला..." बोट गुळगुळीत वणावर फिरलं आणि थांबलं. "वर होता का खाली, मले याद नाई येऊन राहिलं."

विचारायला आई नाही. दुसरा फोटो कधी काढला नाही. बेबीने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे. कात्रण तिने फाडलं नाही. पण वडिलांना सांगायचा विषय त्या दिवशी पुन्हा काढलाही नाही.

तुम्हा तरुण मुला-मुलींकडे माझं एकच मागणं आहे. फोटो हवे तेवढे काढा, पण एक तरी असा काढून ठेवा की ज्याला कुणी साफ केलेलं नाही. आपण कसे होतो हे कधीतरी आपल्यालाच विचारावं लागतं.

आणि रंभा, तू मला अकरा दिवस समोर धरून बसत होतीस, तेव्हा मीही तुझ्याकडेच पाहत होतो. त्या अकरा दिवसांत तू एकदाच हसलीस. मधला ठिपका त्या दोघांच्या खाली होता, आणि हसताना तोच आधी हलला.