पान एकशे बारावरचं दगडफूल

आधी एक सांगून टाकते, म्हणजे मधे मधे विचारत बसाल ते वाचेल. मी जिथे काम करते तिथे कुंड्या, फुलं, बाग असलं काही नाही. कपाटं आहेत. छताला टेकलेली लोखंडी कपाटं, कपाटात खण, खणात कागदाच्या पुड्या, आणि एकेका पुडीत दगडाचा एकेक कपचा. त्या कपच्यावर दगडफूल. तुम्ही ते रोज बघता, फक्त तुम्हाला माहीत नसतं. पायऱ्यांवर, कुंपणाच्या भिंतींवर राखाडी नाहीतर पिवळट डाग असतात ना, रंगाऱ्यानं रंग सांडला आणि पुसायचं विसरला असं वाटतं, तेच ते.

ते झाड नाही आणि नुसतं शेवाळंही नाही. आत एक बुरशी असते आणि एक शैवाल, दोघांचा संसार. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर सगळ्यांचं जेवण करतं. आणि शास्त्रात नाव लागतं फक्त बुरशीचं. हे मी आईला सांगितलं तर ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "रांधायचं एकानं आणि दारावर पाटी दुसऱ्याची. यात नवीन काय शोधलंत तुम्ही?"

बरं, यातली काही दगडाला इतकी घट्ट चिकटलेली असतात की नखानं, सुरीनं कशानंच निघत नाहीत. दगडासकट काढायची. वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढणार, म्हणजे तळहाताएवढा डाग पणजोबांच्या आधीचा, आणि छिन्नी एक सूत तिरकी पडली तर सगळ्याचा चुरा. म्हणून आत्याला बाबा लागायचे.

आत्या म्हणजे माझी साहेबीण. बाबांची धाकटी बहीण. ऑफिसात तिला मागून सगळे हातोडी मॅडम म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे. बाबा दगडाचं काम करायचे, पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी. दहावीनंतर शाळा सोडली ती आत्या शिकावी म्हणून. आत्या शिकली, दगडफुलांच्या मागे लागली, आणि सुट्टीच्या दिवशी दोघं निघायची. ती बोट दाखवायची, हा डाग. ते छिन्नी लावायचे, आणि पापडासारखा पातळ कपचा अख्खा तिच्या हातात.

मी दोन वर्षांची असताना बाबा एका कड्यावरून पडले. दोर होता. दोर बांधला होता तो दगडच सुटला. लोक खाली उतरून पोचले तेव्हा सगळं संपलं होतं, पण त्यांच्या झोळीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कपचा होता आणि तो फुटला नव्हता.

आता नीट ऐका हं, इथेच सगळं आहे. त्या कपच्यावरचं दगडफूल दिसायला अगदी साधं. राखाडी, वर काळ्या टिकल्या. असलं एक आपल्याकडे ढिगानं सापडतं, आमच्या ऑफिसच्या पायरीवरही आहे. पण त्या साध्यावर ब्लीचचा थेंब टाकला की ते लाल होतं. हो, ब्लीच, फरशी पुसायचं. दोन सेकंद लाल, मग रंग जातो. ही आमची रोजची परीक्षा, बाहेरून जुळी दिसणारी आतून वेगळी असतात ती अशी ओळखायची. बाबांचं दगडफूल लाल झालं नाही. म्हणजे वेगळं. म्हणजे नवीन! आत्यानं तसा लेख लिहिला, आणि त्या दगडफुलाला बाबांचं नाव दिलं.

आमच्या घरात त्या लेखाचं पहिलं पान फ्रेम करून लावलंय. आईला त्यातलं काही वाचता येत नाही, पण मधोमध बाबांचं नाव आहे, मागे लॅटिन शेपूट लावलेलं. आई त्याची काच रोज पुसते. मी शाळेत कुणी विचारलं, तुझे बाबा कुठेत, की सांगायचे, पुस्तकात. खरंच तसंच वाटायचं मला. बाबांचा आवाज आठवत नाही, चेहरा फोटोतला. पण जगात एक जिवंत गोष्ट आहे जिला त्यांचं नाव आहे, हे माझं होतं.

या वर्षी आत्या रिटायर होतेय. तीस वर्षांचं काम एका पुस्तकात, दगडावरची दोनशे चौदा दगडफुलं, आणि प्रत्येकाच्या पानावर रंगाच्या परीक्षेचा फोटो. फोटो काढायचं काम माझ्याकडे. छापखान्यातले काका रोज फोन करायचे. "अगं, हे प्राण्यांत टाकू की झाडांत? मला फोल्डरला नाव काय देऊ ते तरी सांगा." मी म्हटलं, "काका, 'इतर'." ते म्हणाले, "चौतीस वर्षांत 'इतर'वर एवढं जाड पुस्तक नाही छापलं."

एकशे अकरा झालं. एकशे बारा. मी बाबांची पुडी पहिल्यांदा हातात घेतली. मूळ नमुना असतो ना, ज्याच्यावरून नाव ठरतं, त्याला सहसा कुणी हात लावत नाही, आणि दगडफुलं बघणारी माणसं जगात आहेत तरी किती! पुडीच्या घडीत थोडा सुटा चुरा होता. त्यातला एक कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, कॅमेरा लावला. फोटोत काहीच व्हायला नको होतं. रंग न बदलण्याचाच फोटो होता तो.

थेंब टाकला. लाल.

दोन सेकंद. गेला.

मला वाटलं पुडी चुकली. नंबर बघितला. बरोबर. दुसरा कण घेतला. थेंब आधी काचेवरच पडला. मग नीट टाकला. लाल. अगदी आपल्या पायरीवरच्यासारखा लाल.

आता आत्याचा एक नियम आहे. ब्लीच उघडं राहिलं की मरतं, महिन्याभरात नुसतं पाणी. मग कशावरही टाका, काही लाल होत नाही. म्हणून रोज काम सुरू करताना पहिला थेंब एका ठरलेल्या दगडफुलावर टाकायचा, जे हमखास लाल होतं. त्याला आम्ही साक्षीदार म्हणतो. तो लाल झाला तर बाटली जिवंत, नाहीतर फेकायची. आणि वहीत रोजची पहिली ओळ तीच: साक्षीदार लाल. आत्यानं माझ्या पहिल्या आठवड्यात ती ओळ राहिली म्हणून अख्ख्या दिवसाचं काम फाडून टाकलं होतं. फाडून!

मी बावीस वर्षांपूर्वीची वही काढली. तारीख माहीत होती, बाबा गेल्यानंतरचा नववा दिवस. आदल्या सगळ्या पानांवर पहिली ओळ आहे. पुढच्या सगळ्या पानांवर आहे. त्या पानावर नाही. थेट लिहिलंय, "दादाचा नमुना. ब्लीच: बदल नाही."

मी वही मिटली, पुडी मिटली, आणि कुणाला काही बोलले नाही. शपथ सांगते, मनात पहिलं हेच आलं की हे फक्त मला माहीत आहे. मेलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकून फोटो काढायचा. कपाटात जुनी बाटली होतीसुद्धा. घरी गेले, आई काच पुसत होती, फडक्याच्या टोकानं कोपरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी आणि वही दोन्ही आत्याच्या टेबलावर ठेवली. आत्यानं चष्मा कपाळावर चढवला, वहीची तारीख बघितली.

"लाल?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आधी मी विचारते ते सांग. किती वेळ टिकला?"

"दोन सेकंद. दोनदा केलं."

"साक्षीदार लावला होतास?"

"मी लावला होता." 'मी' जरा जास्तच जोरात निघालं.

ती वहीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाटली जुनी होती. दादा जायच्या आधीपासून उघडी. साक्षीदार लावला असता आणि तो लाल झाला नसता, तर नवीन फोडावी लागली असती. शेजारीच होती नवीन, सीलबंद. मी तिच्याकडे बघितलं पण होतं."

"मग?"

"मग काय. नाही फोडली."

"आणि नंतर? बावीस वर्षं?"

"रोज वाटायचं, उद्या करू."

मला इतका राग आला होता, आणि तरी मी काय म्हटलं माहितेय? "आत्या, राहू दे ना मग. कुणाला कळणारे? दोनशे चौदातलं एक."

"पुस्तकात मी लिहिणार की हे फक्त त्या कड्यावर मिळतं," आत्या म्हणाली. "वाचून तुझ्यासारखं कुणीतरी तिथे जाईल. दोर बांधून. जे नाहीच ते शोधायला."

मी पुडी माझ्याकडे ओढली.

"आणि बाबांचं नाव?" मी विचारलं.

"छापलेलं नाव पुसता येत नाही. खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात राहील. फक्त नाव म्हणून चालणार नाही."

तिनं छापखान्याला फोन लावला. काका नेहमीसारखे मोठ्यानं बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं. "मॅडम, मग एकशे बारावर काय टाकू?"

"काही नको. पुढचं एकेक मागे घ्या."

"अहो, दोनशे तेराच होतील. मुखपृष्ठावर चौदा छापून झालंय."

"परत छापा." आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनींना मी सांगते. तू नको."

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आई गणवेशाच्या बाह्या जोडत होती, मांडीवर निळ्या कापडाचा ढीग. "या वन्सं, बसा, रिटायर व्हायच्या आधीच फिरायला लागलात वाटतं," आई म्हणाली. आत्या बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटलीचं, साक्षीदाराचं, शेजारच्या सीलबंद बाटलीचं. काही लपवलं नाही. मशीनचं चाक थांबलं.

"म्हणजे ते साधंच आहे," आई म्हणाली.

"साधंच, वहिनी. ऑफिसच्या पायरीवरसुद्धा आहे."

"पायरीवर." आईनं बाहीचा दोरा दातानं तोडला. "आणि त्याच्यासाठी ते कड्यावर चढले."

"मी चढवलं. मीच बोट दाखवलं होतं."

"ते माहितेय मला. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले?"

"नाही."

"पण हे? बावीस वर्षं तुम्ही मला ती काच पुसू दिलीत, वन्सं. समोर बसून चहा प्यायलात, आणि पुसू दिलीत."

आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मला ती म्हातारी दिसली. मला वाटलं आई आता तिला जा म्हणणार. आईनं कापडाची घडी केली, मशीनवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "मला तो रंग बघायचाय. उद्या येते."

आणि आली. ऑफिसात कधीच पाऊल न टाकलेली माझी आई, चांगली साडी नेसून, कपाटांच्या मधून वाट काढत. आत्यानं नवीन बाटली आईच्या समोर फोडली. पहिला थेंब साक्षीदारावर. "लाल," आत्या मोठ्यानं म्हणाली आणि वहीत लिहिलं. मग बाबांची पुडी उघडली. आईनं कपच्याकडे बघितलं, हात लावला नाही.

"याच्यावर टाकणार?"

"नाही, हा सुटलेला कण आहे. यावर. तुम्ही इथे डोळा लावा."

"काही दिसत नाही."

"पापणी लागतेय. जरा मागे या. आता?"

"राखाडी आहे काहीतरी. वाळवंटासारखं."

"तेच. आता हलू नका."

आत्याचा हात बिलकुल हलला नाही. थेंब पडला. आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. ती तशीच वाकून राहिली.

"गेला?" ती म्हणाली.

"गेला."

"परत दाखवा."

"आता सुटं काही उरलं नाही, वहिनी. दगडावरचं खरवडावं लागेल." आत्या थांबली. "म्हणाल तर खरवडते."

नियमानं असं कुणी करत नाही, आणि हे ती म्हणत होती, जिनं माझं पान फाडलं होतं!

आईनं डोळा काढला, पदरानं पुसला. "नको. राहू दे," ती म्हणाली. मग मला, "पुढे काय करायचं असतं?"

मी म्हटलं, चिठ्ठी. जुनी काढायची नाही, तिच्याखाली नवी चिकटवायची. नवं नाव, कुणी तपासलं, तारीख.

"मग लिही की. नुसती उभी काय राहिलीस?"

आत्यानं पेन माझ्या हातात दिलं. साध्या दगडफुलाचं नाव मी वर लिहिलं. 'तपासलं' याच्यापुढे माझं नाव. बाबांचंच आडनाव, ते लिहिताना मात्र हात अडला. आई माझ्या खांद्यावरून बघत होती, लॅटिन अक्षरं तिला लागत नव्हती, ओठ हलवत एकेक जुळवत होती. आत्यानं डिंकाची बाटली उघडली आणि आमच्या दोघींच्या मधे ठेवली.