सवतीचं माहेर

घास तोंडाशी नेला आणि सासूने चंद्रभागेचं मनगट धरलं.

"सुभद्रेला दावला का?"

चंद्रभागेने घास खाली आणला, पदराआडून गळ्यातला काळा दोरा ओढला आणि त्यात ओवलेल्या चांदीच्या टाकाला भाकरीचा तुकडा टेकवला. पातळसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. नाक नाही, डोळे म्हणजे दोन टिंबं. ही सुभद्रा, चंद्रभागेच्या नवऱ्याची, शहादेवची, पहिली बायको. पाणी आणायला गेली आणि बारवेत पाय घसरून गेली. मेलेलीच्या जागी दुसरी आली की तिने पहिलीला असं गळ्यात बांधून घ्यायचं असतं. नवं लुगडं आधी तिला, हळदकुंकू आधी तिला. घासाची रीत मात्र सासूने, जानकीबाईंनी, स्वतःच्या पदरची जोडली होती.

मेली म्हैस मणभर दूध देते, तसं सुभद्रेचं झालं होतं. मेल्यापासून तिच्या भाकरीला पापुद्रा सुटत होता, तिचा हात लागताच म्हैस पान्हा सोडत होती आणि तिने लावलेलं वांग्याचं रोपसुद्धा दसऱ्यापर्यंत फळत होतं. चंद्रभागा आली आणि म्हैस आटली. ज्वारीच्या कणसांत काणीची काळी भुकटी धरली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा कूस रिकामी झाली. "तिला खपत न्हाई तुजं लेकरू," जानकीबाईंनी निकाल दिला.

शहादेव मूग गिळून बसायचा. बाजेवर पाठ फिरवून निजायचा. त्या पाठीपलीकडे सुभद्राच आहे, असं चंद्रभागेने केव्हाच ठरवून टाकलं होतं. जिवंत सवत असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, तिच्या आमटीत मूठभर मीठ टाकता आलं असतं. हिचं काय करायचं? ही म्हातारी होत नव्हती, हिची भाकरी करपत नव्हती. चंद्रभागा जळत होती, आणि कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती. तिचं माहेर इंग्रजी मुलखात, सीना नदीच्या पलीकडे. मानमोडीच्या साथीत आईबाप गेले, भाऊ गेला, घराला कुलूप लावायलाही कुणी उरलं नाही. आता ती निजामाच्या मोगलाईत एकटी होती.

त्या सकाळी भाकरीचा पहिला घास खाली गेला आणि जानकीबाई सहज म्हणाल्या, "तुज्यापरीस ती मेलेली बरी."

चंद्रभागा उठली. घागर घेऊन बारवेवर गेली, पायरीवर घागर ठेवून पाण्याकडे बघत उभी राहिली. मनात यायचं ते आलंच. पण त्याबरोबर हेही आलं, की या वाटेनेसुद्धा सुभद्राच आधी गेलेली. म्हणजे तिथंही हिच्याच मागे जायचं! आणि वर गेल्यावर तिथंही कुणी म्हणायचं, पहिली बरी होती. तिचा संताप असा उसळला की ती तरातरा पायऱ्या चढून वर आली. घागर तिथंच राहिली. ज्यांची लेक त्यांच्या पदरात टाकावी, मग काय व्हायचं ते होवो, असं म्हणत तिने सुभद्रेच्या माहेराची, नांदूरघाटची वाट धरली. त्यांनी हाकललं तर मात्र बारवेशिवाय दुसरी जागा नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुभद्रेची आई दगडाबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती. चंद्रभागेच्या लग्नात हिनेच रीतीप्रमाणे तिची ओटी भरली होती आणि 'आता तूच माझी लेक' म्हणाली होती. असं म्हणतातच. त्यानंतर दोघींची गाठ नव्हती.

"कोण गं?"

"चंद्रभागा. शहादेवची." तिने दोरा गळ्यातून काढला आणि चिंचांच्या सुपात टाकला. "ही तुमची लेक. घ्या. माज्यानं आता हिला पोसणं हुत न्हाई."

म्हातारीने टाक उचलला, पदराने पुसला, गालाला लावला. चंद्रभागा उन्हातून अनवाणी चालत आली होती, तिच्या पायाला फोड आले होते. आणि म्हातारी पत्रा कुरवाळत बसली होती! इथंही तीच पहिली.

"जेवलीस का?" दगडाबाईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन ताट वाढलं.

चंद्रभागेने भाकरी मोडली. हात सवयीने म्हातारीच्या मुठीतल्या टाकाकडे गेला.

"तिला नको दावू," दगडाबाई म्हणाली. "ती आलती तवा म्या तिला वाढलंबी न्हाई."

"कवा आलती?"

"जायच्या आदी. अशीच, एकटी, पायी. म्हणली, आई, मला ठिवून घे. म्हस दूध चोरती, कूस उजवंना, सासू म्हणती अवदसा आली घरात. थोरल्या चुलतजावेचं गुणगान ऐकून कान किटले म्हणली. म्या म्हणलं, लोक काय म्हणतील? जेवत बसली तर वाटंत अंधार पडंल, म्हणून उंबऱ्यातूनच माघारी लावली. मग सांगावाच आला. पाय घसरला म्हणले."

घास चंद्रभागेच्या हातात तसाच राहिला. तिने विचारलं,

"भाकरीला पापुद्रा सुटायचा म्हणत्यात तिच्या."

"सुभीच्या?" म्हातारीला हसू फुटलं, ते लगेच विरलं. "कडा चिरायच्या गं. लई मारलं म्या तिला त्यापायी."

चंद्रभागेला रडू कोसळलं. ते स्वतःसाठी नव्हतं, एवढंच तिला कळत होतं. जिच्यावर ती इतकी जळली, ती बाई तिच्याचसारखी जळत, चिरलेल्या भाकरी थापत त्या घरात वावरली होती.

उन्हं कलली तशी दाराशी बैलगाडी थांबली. शहादेव उडी मारून उतरला. त्याचं पागोटंही डोक्यावर नव्हतं.

"मामी, ती हितं हाय का? बारवेवर नुसती घागर घावली."

"हाय."

तो गाडीच्या जुवाला धरून खाली बसला. श्वास सापडल्यावर म्हणाला, "आईनं सांगितलंय, असंल तर आत्ताच घिऊन ये."

दगडाबाई उठली आणि चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभी राहिली.

"पाव्हणं, लेक माहेराला आलीय. आखितीचा सण झाल्याबिगर मी लावायची न्हाई."

"लोक काय म्हणतील, मामी?"

"म्हणू द्या."

शहादेवने उठून म्हातारीच्या खांद्यावरून आत पाहिलं. चंद्रभागा ताटावरून उठली नाही. मग त्याने बैल वळवले आणि गाडीत न बसता तो त्यांच्या बाजूने चालू लागला.

गाडी ओढ्यापार झाली तरी दगडाबाई दारातच होती.

"तवाबी एवढंच म्हणायचं हुतं गं," ती म्हणाली. "बग की. एवढंच."

हे ती कुणाला सांगते आहे, ते चंद्रभागेने विचारलं नाही. उठून तिने म्हातारीला धरलं आणि आत आणून बसवलं.