खंडेनवमीला सोडलेलं काम

साल सत्त्याऐंशीचं. पावसानं पुन्हा दडी मारली होती, विहिरींनी तळ दाखवला होता, आणि उस्मानाबादकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात नेमका त्याच साली कॉम्प्युटर आला. लोकांना हवं होतं पाणी, मिळाला कॉम्प्युटर! महादेवीला मात्र त्यात वावगं काही वाटत नव्हतं. अणदूरची ही पोरगी सोलापुरात शिकून ऊस विभागात ऑपरेटर म्हणून लागली होती, आणि लागवडीच्या तारखेप्रमाणे ऊसतोडीचा क्रम मशीनकडून लावून घेणं हे तिचं काम होतं.

आजवर हा क्रम हेडक्लार्क बब्रुवानकाका हातानं लावत. माणूस वाईट नव्हता, पण भिडस्त. ज्याचा आवाज मोठा, त्याचा ऊस आधी. गेल्या साली जाईबाईचा ऊस सगळ्यांच्या शेवटी तुटला, तोवर त्याची चिपाडं झाली होती. बाई एकटी, नवरा वारलेला, विहिरीत चार घागरी पाणी. म्हणून यंदा ती रोज ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसायची. "उठलं की इसरत्यात लोकं," म्हणायची.

संचालकांनी ठरवून टाकलं होतं: दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत मशीनचा क्रम फळ्यावर लागला तर तो खरा, नाही तर काकांचा.

महादेवीनं दोनदा काम लावलं. शेतकऱ्यांच्या नोंदी ढिगानं, आणि मशीन गोगलगायीच्या चालीचं. संध्याकाळी कॉम्प्युटरचा पडदा बंद करून ती घरी जायची आणि सकाळी बघावं तर काम अर्ध्यातच मेलेलं. पडदा तिच्या टेबलावर होता. खरं मशीन शेजारच्या गार खोलीतल्या लोखंडी पेटीत, आणि ते तर रात्रभर चालू असायचं. मग काम मरत होतं कशानं? तिला रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन बसली, तेव्हा कोडं सुटलं. आपण पडद्यावरून आत शिरलो, की आपलं ऐकायला शेल नावाचा एक कारभारी बसतो. आपण सांगितलेलं काम म्हणजे त्याचंच पोर. पडदा विझला की मशीनला वाटतं, मालकीण गेली. मग कारभाऱ्याला आणि त्याच्या पोरांना 'आटपा' म्हणून हाक जाते, आणि सगळे मुकाट्यानं मरतात. म्हणजे रोज संध्याकाळी नीटनेटकेपणानं पडदा बंद करणारी महादेवीच कामाचा गळा आवळत होती! उपाय सोपा होता. काम पडद्याच्या पाठीमागं चालत राहायला सोडतानाच त्याला बजावायचं, ती हाक आली तरी ऐकू नकोस. त्यासाठी एक शब्दही होता, नोहप.

हे कळेपर्यंत खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजायची आणि दसऱ्याची पूजा होईतो त्यांना कामाला लावायचं नाही. काका हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात हजर. महादेवीनं घाईघाईनं नोहप लावून काम सोडलं, तोच काकांनी खटकन पडदा बंद केला. त्याला गंध लावलं, झेंडूची माळ घातली. गार खोलीतल्या पेटीकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण सगळ्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे तो पडदाच.

ओट्यावरून बघणाऱ्या जाईबाईचा चेहरा उतरला. "निजिवलं व्हय ग मशीन? मग माज्या उसाचं?"

"पडदा निजलाय, मावशी. काम आत चालू हाय," महादेवी म्हणाली खरी, पण पुरती खात्री तिलाही नव्हती.

आणि काकांपासून हे लपवून ठेवणं तिला जमेना. पूजा झाली तरी काम थांबलेलं नाही, हे तिनं सांगून टाकलं. काका माळेची फुलं सारखी करत राहिले.

"घटात धान पेरल्यावर आपुन हात लावतो का? तरी वाढतंयच की," ते म्हणाले. "चालू दे पोरी. मशीननं क्रम लावला, तर लोकांना न्हाय म्हणायला मला तोंड तर मिळंल."

दसऱ्याला पूजा उरकली, माळ उतरली, आणि महादेवीनं पडदा पुन्हा चालू केला. काम पुरं झालं होतं! पुढं एकही पडदा चालू नसताना, ते आपलं आपण शेवटाला गेलं होतं. तिला इतका आनंद झाला, की टेबलालाच हात जोडले. प्रिंटर करकरला. लागवड सगळ्यांत आधीची म्हणून जाईबाईचा फड पहिल्याच पाळीला होता, आणि काकांच्या सख्ख्या भावाचा पार तळाला. काकांनी कागद दोनदा वाचला आणि स्वतःच्या हातानं फळ्यावर लावला. तिकडं बॉयलर पेटला.

"मावशी, जावा आता घरी."

"आन् म्या उठल्यावर कुणी खोडलं म्हंजी?"

"न्हाय खोडत कुणी. तुमी नसला तरी काम चालतंय."

जाईबाई गेली, पण वळून वळून बघत.

गाळप सुरू झालं. एका सकाळी महादेवीनं गाडीअड्ड्यावर उसाची बैलगाडी आत येताना पाहिली. गाडीवान खाली उतरला आणि त्यानं तिच्या हातात एक जाडजूड, रसरशीत कांडं ठेवलं.

"जाईबाईनं धाडलंय. म्हणली, मला यायला सवड न्हाय, माजा ऊस तुटाय लागलाय."